३५च्या जागी ३५

मागच्या मे महिन्यात घनसावंगीचं लग्न उरकून जालन्याला परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील, पुढं आप्पा, मागं बायको, पोरगं आणि आहेराच्या पिशव्या, आणि आमच्या पुढं कडब्यानं ठासून भरलेला ट्रॅक्टर, असा की दोन्ही बाजूंनी पेंढ्या लोंबकळायल्या, ओव्हरटेक मारायला जागाच नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसता ब्रेकवर पाय. अंबडचे दिवे दिसायला लागले तसा वास आला. म्हणलं कुणी बांधावर पाचट पेटवलं असंल. बायको मागून म्हणली, "अहो, हे पाचट नाही, रबर जळायलंय." तेवढ्यात आप्पांच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डाखालून धुराची बारीक रेघ वर आली.

गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडून बॅटरीची वायर उपटली, त्यात बोटं भाजली ते वेगळंच. आप्पा उपरण्यानं धूर हाकलायलेत आणि मला विचारायलेत, "कामून रे, फ्यूज नव्हता का?"

होता ना. तोच तर घोळ. फ्यूज काढून मोबाईलच्या उजेडात धरला तर आतली तार जशीच्या तशी, काच स्वच्छ. वायर जळून कोळसा आणि फ्यूज शाबूत. आता मी रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, अठरा वर्षं एचआरसी म्हणजे कारखान्यातले मोठे फ्यूज आणि ब्रेकर बदलण्यात गेली, आणि तो फ्यूज मीच माझ्या हातानं बसवलेला, ३५ अँपच्या जागी ३५ अँपचा. गाडी टेम्पोला बांधून घरी आणली. मिलमध्ये दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

गाडी म्हणजे हिंदुस्तान लँडमास्टर, १९५६ची. आप्पांनी एका जिनिंगवाल्या शेठकडून घेतलेली. मॉरिस ऑक्सफर्डचं देशी रूप, हिच्या मागून अँबेसेडर आली. बॅटरीचा प्लस बॉडीला, मायनस वायरिंगला, त्यामुळं नवीन मेकॅनिक आला की पहिल्यांदा उलटंच जोडतो. आणि सगळ्या गाडीला मिळून फ्यूज किती, तर दोन. खोटं वाटेल पण दोनच. काळा बेकेलाईटचा चिमुकला डबा, त्यात दोन चालू आणि दोन स्पेअर. वायर जोडायच्या टोकांना ए१ ते ए४ अशी नावं, ए१-ए२ वर हॉर्नसारखं जे कायम लागतं ते, आणि ए३-ए४ वर चावी फिरवल्यावर जे चालतं ते, म्हणजे वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकलाईट. हेडलाईटला फ्यूज नाही. इग्निशनलाही नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता, पण त्यामागं त्यांचा हिशोब होता की रात्री वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले तर माणूस खड्ड्यात जाईल, त्यापेक्षा वायर तापलेली परवडली. आणि त्याच्याही आधी तर आनंदच होता, फोर्डच्या मॉडेल टीत फ्यूज नावाची गोष्टच नव्हती. काही जुन्या गाड्यांत एकच फ्यूज असायचा तो पण डायनामोच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला), म्हणजे चालत्या गाडीत बॅटरीची वायर निसटली आणि डायनामोचं व्होल्टेज बेफाम चढलं की फील्ड तोडायला. वायरिंगची काळजी नव्हतीच, डायनामो आणि बल्ब वाचवायचे होते.

तर जळालेली वायर कुठली ते शोधायला वेळ लागला नाही, कारण त्या काळच्या इंग्रजी गाड्यांचे रंग ठरलेले. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, पांढरी म्हणजे चावीनंतरची, हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हीच्या पुढची, जांभळी म्हणजे चावी नसताना पण फ्यूजमधून आलेली. सुताच्या विणीचा रंग उडालाय पण नख लावून खरवडलं की आत दिसतो. माझी हिरवी जळालेली. मूळ सापडलं डिकीच्या बिजागरीपाशी, तिथं ब्रेकलाईटची वायर घासून घासून उघडी पडली होती आणि ब्रेक दाबला की करंट बॉडीत उतरायचा. पूर्ण शॉर्ट झाला असता तर कुठलाही फ्यूज उडालाच असता, हा अर्धवट शॉर्ट, गंजातून आणि रंगाच्या पापुद्र्यातून. माझ्या अंदाजानं तीसेक अँप वाहत असतील. वायर १४ तारांची, प्रत्येक तार ०.०१२ इंच जाडीची, तिची ऐपत पावणेनऊ अँपची. पंधरा मिनिटं ब्रेकवर पाय म्हणजे तिला चुलीवरच ठेवलं की मी.

पण मग फ्यूज का नाही गेला? डब्यात ठोकून लिहिलंय ३५. मी बसवलेल्यावर पण ३५.

उत्तर आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. त्यात नट, वॉशर, एक मोडका ॲशट्रे, आणि सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेले तीन जुने मूळचे फ्यूज. काचेच्या नळीत तारेबरोबर कागदाची एक चिठ्ठी असते, त्यावर रेटिंग छापलेलं. तसला एक आणि मी बाजारातून आणलेला एक शेजारी धरले तर मूळच्याची तार अगदी केसासारखी आणि माझ्यातली पट्टी चांगली रुंद. दोन्हीवर ३५. त्या रात्री जुनी मॅन्युअलं वाचत बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला, की जुन्या इंग्रजी काचेच्या फ्यूजवर जो आकडा असतो तो फ्यूज उडायचा आकडा. कायम वाहायचा करंट त्याच्या निम्मा, ३५ वाल्याचा साधारण १७. आणि अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर आकडा असतो तो वाहायचा. म्हणजे ३५च्या जागी ३५ बसवून मी दुप्पट मोठा फ्यूज टाकला होता. लांबीत दोन-अडीच मिलिमीटरचा फरक, डब्यातली पत्ती जरा वाकवली की बसतो, कुणाला शंका पण येत नाही. मला तरी कुठं आली.

मग मात्र डोक्यात किडा शिरला. म्हणलं नवीन वायरिंग टाकायचंच आहे तर कुठला फ्यूज घालायचा ते एकदा नीट बघूनच घालू. वाचून झालं होतं पण लोक नुसते आपापल्या पार्ट्या करून भांडतात, काचेचा भंगार, ब्लेडचाच चांगला, असं. स्वतः ताणून बघितल्याशिवाय मला पटत नाही.

ओट्यावर टेबल मांडलं. घरातली इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी, भंगारातून आणलेले हेडलाईटचे आठ बल्ब ६० वॅटचे, फळीला ओळीनं ठोकलेले, प्रत्येकाला वेगळा स्विच. एक बल्ब म्हणजे साधारण पाच अँप, म्हणजे स्विच मोजून करंट वाढवता येतो. मिलमधला क्लॅम्पमीटर, मोबाईलचं स्टॉपवॉच पोराच्या हातात. बल्ब लागले की सगळी गल्ली उजळून निघायची, दोन दिवसांत समोरच्या काकू विचारायला आल्या की सत्यनारायण आहे का.

गडी चार घेतले. मूळचा इंग्रजी काचेचा ३५. अमेरिकन पद्धतीचा काचेचा ३५, मीच घातलेला तो. मेहुण्याच्या पद्मिनीतला फियाटचा फ्यूज, म्हणजे दोन्हीकडून टोकदार, गोळीसारखा, वरून उघडी धातूची पट्टी, त्यात पिवळा ५चा, पांढरा ८चा, लाल १६चा आणि निळा २५चा असतो, मी लाल घेतला. आणि आजच्या सगळ्या गाड्यांत असतो तो ब्लेडचा, निळा १५चा, हा १९७०च्या दशकात अमेरिकेत निघाला. पाचवा आपला गावठी, घरच्या बोर्डावरच्या किटकॅट फ्यूजमध्ये बांधतात तशी तांब्याची तार, कारण निम्म्या मराठवाड्यातल्या जुन्या गाड्या त्याच्यावरच चालतात.

तारेवर जरा थांबतो कारण तिच्यात मजा आहे. विल्यम प्रीस नावाचा इंग्लंडच्या पोस्ट खात्यातला इंजिनिअर होता, त्यानं १८८०च्या दशकात हिशोब बसवला की तार कुठल्या करंटला वितळेल ते तिच्या जाडीच्या दीड घातावर असतं. जाडी मिलिमीटरमध्ये घेतली तर तांब्याला ८० नं गुणायचं. ०.२ मिलिमीटरची तार घ्या, घरातल्या लवचिक वायरमधली एक काडी असते साधारण तेवढीच, उत्तर येतं सात अँपच्या आसपास. म्हणून आपले वायरमन "तीन काड्या बांध, चार बांध" म्हणतात ते अगदीच अडाणीपणाचं नाही, आत प्रीस साहेब बसलाय. पण तांबं वितळतं १०८५ अंशाला. त्याच्या आधी तार लाल होते, आणि बेकेलाईटचा डबा काळा पडायला लागतो. शिसं ३२७ला, कथील २३२ला, जस्त ४२०ला जातं. ब्लेडच्या फ्यूजची पट्टी जस्ताची असते ती म्हणूनच, थंडपणे जाते. माझ्या टेबलावर तांब्याची तार उडाली तेव्हा ठिणगी उडून पोराच्या चड्डीला भोक पडलं, आणि घरात त्यानंतर जी बोलणी बसली ती इथं लिहीत नाही.

आता निकाल. चार बल्ब, म्हणजे जवळजवळ २० अँप. ब्लेड १५ वाला मिनिटभरानं गेला, आवाज नाही, काही नाही, पट्टीचा मधला वळसा तुटलेला दिसतो. लाल फियाटवाला तग धरून राहिला पण त्याचं अंग मऊ पडलं, कारण आता मिळतात ते प्लास्टिकचे, जुने चिनी मातीचे असायचे त्यांना हे झालं नसतं. दोन्ही काचेवाले शांत. सहा बल्ब, ब्लेडचा दुसरा नग दोन-तीन सेकंदांत गेला, लाल पाऊण मिनिटात, इंग्रजी काचेच्याला हात लावता येईना एवढा तापला पण गेला नाही. आठही बल्ब लावले, ३८-३९ अँप, आता इंग्रजीवाला अर्ध्या मिनिटात टिचकी मारल्यासारखा आवाज करून गेला. आणि माझा अमेरिकन ३५? दहा मिनिटं. पोरगं कंटाळून क्रिकेट खेळायला गेलं. शेवटी बॅटरीची दया येऊन मीच स्विच बंद केला. त्या फ्यूजचा काही दोष नाही बरं का, तो ३५ वाहायलाच बनवलेला, दोष वाचणाऱ्याचा.

इथपर्यंत मला वाटत होतं की ब्लेड जिंकला, विषय संपला. मग चाचा आले. चाचा म्हणजे आमच्याकडचे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन, डायनामोची आर्मेचर हातानं भरायचे, आता डोळे अधू झालेत. त्यांनी टेबल बघितलं, हसले, आणि माझ्या गाडीचा काढून ठेवलेला मूळ फ्यूजचा डबा उचलून पत्तीवर अंगठा दाबला. "भाई, पत्ती ढीली है इसकी. फ्यूज बिचारा क्या करता?"

म्हणलं बघू तरी. त्याच डब्यात चांगला फ्यूज लावून दोन बल्ब, म्हणजे १० अँप चालू केले आणि मीटरचे पिन दोन टोकांना लावले, फ्यूज आणि दोन्ही पत्त्या मिळून ड्रॉप, म्हणजे वाटेतच वाया गेलेलं व्होल्टेज, निघाला ०.६ व्होल्ट. सहा वॅट उष्णता, बोटाएवढ्या जागेत. पत्तीची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासली, पक्कडनं दाबून घट्ट केली, परत मोजलं, ०.०९. फ्यूज तोच. म्हणजे वर्षानुवर्षं माझा वायपर हळू चालायचा तो मोटरमुळं नाही, या पत्तीमुळं, आणि मी दोनदा मोटर खोलून ग्रीस भरलेलं.

मग मी चाचणीची दिशाच बदलली. फ्यूज कधी उडतो हे सोडा, तो न उडता कधी दगा देतो ते बघायचं. आपल्याकडं गाडीला काय काय सोसावं लागतं, तर हादरे, उन्हाळा, धूळ आणि ओल. हादऱ्यासाठी शेजारची पिठाची गिरणी. गिरणीवाल्या भाऊंना विचारून तिन्ही प्रकारचे फ्यूज त्यांच्या होल्डरसकट गिरणीच्या लोखंडी चौकटीला तारेनं आवळले, पाच-पाच नग, वीस दिवस. रोज ज्वारी दळायला येणाऱ्या बायका विचारायच्या हे काय, भाऊ सांगायचे सायबाचा नवस आहे. ओलीसाठी आमचा कूलर, त्यात बोअरचं जड पाणी, त्याच्या जाळीला दुसरा संच बांधला, जून अर्धा जाईपर्यंत.

पाच नगांवरून कुठला सिद्धांत निघत नाही हे मलाही कळतं, पण जे दिसलं ते सांगतो. काचेच्या पाचातला एक मेला, आणि कसा, तर तार मधे तुटली नव्हती, टोपणाच्या आतल्या सोल्डरपाशी सुटली होती. बाहेरून बघितलं तर फ्यूज धडधाकट, मीटर लावला तर कधी दाखवतो कधी नाही. माझ्या मते हा सगळ्यात वाईट मरण्याचा प्रकार, रस्त्यावर माणूस फ्यूज बघतो, चांगला आहे म्हणतो आणि पुढं तासभर वायरिंग उपसत बसतो. फियाटवाले पाचही जिवंत पण दोन होल्डरमध्ये सैल होऊन फिरायला लागले होते. त्याची रचनाच तशी, पत्तीच्या भोकात फ्यूजचं टोक टेकतं, म्हणजे चिकटायची जागा एवढीशी कड, तिथं धूळ बसली की झालं. कूलरवरच्या संचात तर त्याच कडेला हिरवी-पांढरी पावडर धरली होती. मेहुणा म्हणतो पद्मिनीत दर पावसाळ्यात सगळे फ्यूज अंगठ्यानं एकदा गरागरा फिरवायचे, कड घासून साफ होते, गाडी परत लाईनवर. खरंय ते, आणि त्याचं एक मोठेपण मानलं पाहिजे की पट्टी उघडी असल्यामुळं गेलेला फ्यूज लांबूनच कळतो. पण ज्या फ्यूजला दरवर्षी आंघोळ घालावी लागते त्याला मी भरवशाचा म्हणणार नाही.

ब्लेडचे पाचही गिरणीतून आणि कूलरवरून जसेच्या तसे. कारण त्यात सोल्डर नाही, पाय आणि मधला वळसा एकाच पत्र्यातून कापलेला, आणि पायाला होल्डरचा चिमटा दोन्ही बाजूंनी चांगला रुंद धरतो. त्याला वितळायची अक्कल जास्त आहे म्हणून तो चांगला, असं मी आधी समजत होतो. तसं नाही. त्यात सुटायला जोडच कमी आहेत.

मग गाडीत काय केलं? आप्पांचा एकच हट्ट होता की बोनेट उघडल्यावर जुना डबा जागेवर दिसला पाहिजे. आणि खरं सांगायचं तर मलाही तो काढवत नव्हता. त्याच्या पत्त्या खोलून साफ केल्या, मागं नवीन रिव्हेट, दोन्ही फ्यूज इंग्रजी रेटिंगचे, चिठ्ठी आतून वाचून घेतलेले, दोन स्पेअर पण तसलेच. डब्याच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला, "३५ म्हणजे १७", पुढच्या कुणाला तरी कळावं म्हणून. ब्रेकलाईटची वायर मात्र एवढी बारीक की तिला १७ पण जास्त, म्हणून तिच्यासाठी स्विचच्या आधी वेगळा १०चा लाल ब्लेड, डॅशबोर्डाखाली लपवून. हेडलाईटवर दोन दिवस विचार केला. जुन्या लोकांची भीती बरोबर आहे, दोन्ही दिवे एका फ्यूजवर घालणं म्हणजे मूर्खपणा. पण फ्यूजच नको हे पण मला झोपू देईना. रिले, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच, टाकले आणि डावा-उजवा, अप्पर-डिपर असे चार वेगळे ब्लेड. एक गेला तर एक दिवा जाईल, तीन राहतील. चाचांनी बसून सगळे जोड हातानं ओढून बघितले, दोन परत करायला लावले.

श्रावणात शहागडला निघालो होतो, गोदावरीला पाणी आलं होतं ते बघायला. वडीगोद्रीच्या अलीकडं आप्पांनी म्हशी बघून स्वतःच हात लांब करून हॉर्न दाबला, आणि तो एकदा पों करून गप्पच. मी घाईत गाडी बाजूला घेतली, जुनी आठवण ताजी होती, वास घेतला, काही नाही. डबा उघडला. ए१-ए२ची काच आतून चांदीसारखी झालेली, म्हणजे चांगला जोराचा शॉर्ट झाला होता, तार वाफ होऊन काचेवर बसली होती. हॉर्नकडं जाणारी वायर कुठंतरी बॉडीला टेकली असणार. जांभळ्या वायरवर बोट ठेवलं, थंड. मी एवढा खूष झालो की बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणली, "बरं, पाऊस यायलाय, बसा."

स्पेअर टाकून उपयोग नव्हता, शॉर्ट निघेपर्यंत तो पण उडाला असता. इंजिन चालू, दिवे चालू, वायपर झकास चालू. फक्त हॉर्न नाही आणि पुढं चाळीसेक म्हशी रस्ता भरून निवांत चालायल्या. आप्पांनी काच खाली घेतली, उपरणं सावरलं, अर्धे बाहेर निघाले आणि शहागडपर्यंत स्वतःच "हैऽऽ, सरक गं माय, हैऽऽ" करत गेले.